ठगांचा ‘प्राचीन गुप्त पंथ’ : वेरूळची साक्ष व तिचें मोल

ठग किंवा फांसीगार या नांवानें प्रसिद्ध असलेल्या वाटमार्‍या टोळ्यांविषयीं आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या वाचनांत कांहीं ना कांहीं आलेलेंच असेल. देवीचे उपासक, पिढीजात घातकी, शेंकडों वर्षें लोकांच्या नकळत चालत आलेला गुप्त पंथ, असें त्यांचें वर्णन इ. स. १८३६ पासून पुस्तकांमागून पुस्तकांत उतरत आलें आहे. या वर्णनाशीं आमच्या मराठवाड्याचा एक विशेष संबंध आहे. आपली विद्या मनुष्यनिर्मित नसून देवानें दाखविलेली आहे, याचें दृश्य प्रमाण म्हणून ठगांनीं बोट दाखविलें तें वेरूळच्या लेण्यांकडे. जालन्याहून वेरूळ सुमारें ९० किलोमीटर. ज्या लेण्यांस आपण लहानपणापासून जातों त्यांनाच या प्रकरणांत साक्षीस ओढलेलें असल्यामुळें, ती साक्ष तपासून पाहण्याचें काम या भागांतील अभ्यासकांकडे साहजिकच येतें. प्रस्तुत लेखांत तेवढेंच योजिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करितों. ठगांनीं केलेले खून ही कल्पित कथा नव्हे. माफीच्या साक्षीदारांनीं दाखविलेल्या जागा खणल्या तेव्हां प्रेतें निघालीं; कोठें विहिरींतून, कोठें आमराईंतून. तेव्हां ‘ठग झालेच नाहींत’ असें म्हणणार्‍यांच्या पंक्तीस आम्ही बसत नाहीं. प्रश्न एवढाच आहे कीं, हे खून करणारे लोक एका प्राचीन धर्मपंथाचे दीक्षित होते, कीं वाटमारीचा धंदा करणारे आणि इतर धंदेवाल्यांप्रमाणेंच देवदेवतांस भजणारे लोक होते? हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. पहिल्या पक्षीं जन्म हाच गुन्हा ठरतो. दुसर्‍या पक्षीं कर्म.

१. शब्द व जुने उल्लेख

‘ठग’ हा शब्द संस्कृत ‘स्थग’ यापासून आला. ‘स्थग्’ धातूचा अर्थ झांकणें. त्यावरून ‘स्थग’ म्हणजे लपवाछपवी करणारा, धूर्त. मराठींतील ‘ठक’ हा त्याचाच भाईबंद. ठकविणें म्हणजे फसविणें. ‘ठकास महाठक’ या म्हणींत खुनाचा वासहि नाहीं. तेव्हां जुन्या ग्रंथांत हा शब्द आला कीं तेथें रुमालानें गळा आवळणारी टोळी होती असें समजणें चुकीचें होय.

झियाउद्दीन बरनी यानें इ. स. १३५७ च्या सुमारास पुर्‍या केलेल्या ‘तारीख-इ-फिरोजशाही’ या ग्रंथांत जलालुद्दीन खिलजीच्या कारकीर्दींतील (१२९०–१२९६) एक हकीकत दिली आहे. सुमारें एक हजार ठग पकडले गेले असतां सुलतानानें त्यांस ठार न मारितां नावांत घालून लखनौतीकडे रवाना केलें. ठगांच्या प्राचीनतेचा पहिला दाखला म्हणून हा उतारा नेहमीं पुढें केला जातो. पण त्यांत रुमाल नाहीं, देवी नाहीं आणि कुदळहि नाहीं. इ. स. १६६६–६७ मध्यें हिंदुस्थानांत आलेला फ्रेंच प्रवासी थेव्हनो हा दिल्ली–आग्रा रस्त्यावर फांस टाकून माणसें मारणार्‍या लुटारूंचें वर्णन करतो. येथें फांस आहे, पण पंथ नाहीं. मद्रासकडील डॉक्टर शेरवुड यानें इ. स. १८१६ मध्यें फांसीगारांवर निबंध लिहिला. त्यांत देवीपूजेचा विषय येतो, पण तोंवर एकोणिसावें शतक उजाडलेलें होतें.

कौटिलीय अर्थशास्त्रांत ‘तीक्ष्ण’ व ‘रसद’ या नांवांचे मारेकरी आहेत, त्यांकडेहि कोणी बोट दाखवील. परंतु ते राजाचे पगारी गूढपुरुष होत. शस्त्र किंवा विष चालविणें ही त्यांची चाकरी, उपासना नव्हे. सारांश, शब्द जुना, फांस जुना. पंथ मात्र अगदीं अलीकडच्या कागदांत प्रथम भेटतो.

२. वेरूळची साक्ष

कॅप्टन विल्यम हेन्री स्लीमन याचा ‘रामसीयाना’ हा ग्रंथ इ. स. १८३६ मध्यें कलकत्त्यास छापला गेला. त्यांत ठगांच्या सांकेतिक शब्दांचा कोश असून माफीच्या साक्षीदारांशीं झालेलीं प्रश्नोत्तरें दिलेलीं आहेत. ठगांच्या ‘धर्मा’विषयीं पुढें जें जें लिहिलें गेलें त्याचा बहुतेक सर्व आधार हीं प्रश्नोत्तरें होत.

साक्षीदारांत फिरंगिया नांवाचा एक ब्राह्मण जमादार प्रमुख होता. वेरूळविषयीं त्यास विचारलें असतां तो आरंभीं सांगतो कीं, आमच्या धंद्याच्या सर्व क्रिया तेथें कोरलेल्या आहेत. गळा आवळणें, प्रेत नेणें, पुरणें, सर्व कांहीं. प्रत्येकास आपापला धंदा तेथें दिसतो. हीं लेणीं माणसांनीं केलेलीं नाहींत, देवाचीं आहेत. पुढें त्यास खोदून विचारलें कीं, कोणत्या मूर्तींत काय पाहिलेंस? तेव्हां तो दोनच दृश्यें सांगतो. एकांत ‘सोठा’, म्हणजे प्रवाशास भुलविणारा, त्याच्याच बैठकीवर बसून गोष्टी करीत आहे. दुसर्‍यांत ‘भुरतोट’, म्हणजे गळा आवळणारा, रुमाल टाकीत आहे व एकानें पाय धरले आहेत. याहून अधिक आपण पाहिलेलें नाहीं, असें तोच म्हणतो. ‘सर्व’ म्हणून आरंभ झाला आणि शेवट दोहोंवर आला. कोणत्याहि साक्षीचें मोल ठरवितांना ही गोष्ट प्रथम टिपली पाहिजे.

आतां हीं दोन दृश्यें कोणतीं असावींत? वेरूळच्या ३४ लेण्यांपैकीं १७ ब्राह्मणी आहेत. लेणें क्रमांक १४ (रावण की खाई) व क्रमांक २१ (रामेश्वर) येथें शिवपार्वती अक्षक्रीडा करीत बसलेलीं दाखविलीं आहेत. दोघें समोरासमोर, एकाच बैठकीवर, जवळिकीनें बोलत आहेत. भुलविण्याचा धंदा करणार्‍यास येथें आपला सोठा दिसला तर नवल नाहीं. क्रमांक १५ च्या दशावतार लेण्यांत मार्कंडेयाची कथा आहे. यमानें पाश टाकिला आहे आणि लिंगांतून प्रकट झालेला शिव त्यास लाथ मारीत आहे. पाश, भ्यालेला बालक आणि पायांशीं चाललेली झोंबाझोंबी, एवढेंच मंद उजेडांत ज्यास दिसलें त्यास तें रुमालाचें दृश्य वाटावें. ठगांनीं पाहिलेल्या मूर्ती ह्याच, असा आमचा तर्क आहे. तो चुकला तरी मूळ मुद्दा ढळत नाहीं. या दशावतार लेण्यांत राष्ट्रकूट दंतिदुर्गाचा शिलालेख आहे; कैलास लेणें कृष्ण पहिला याच्या काळचें, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धांतील आहे. कोरणार्‍यांनीं पुराणें कोरलीं. पाहणार्‍यांनीं आपापला संसार त्यांत पाहिला.

असें पाहणारे ठग एकटेच नव्हते. क्रमांक १० चें लेणें बौद्ध चैत्य असून आंत बुद्धाची मूर्ति आहे. परंतु लोकांत त्याचें नांव ‘सुतार की झोपडी’. वर लांकडी वाशांसारखें केलेलें दगडी काम पाहून सुतारांनीं तें आपलें मानिलें, आणि बुद्धास विश्वकर्मा समजून ते त्याचे पूजक झाले. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त पैठणच्या कोकस नामक कारागिराची कथा आहे, त्यानें माथ्यापासून खालीं असें देऊळ खोदिलें असें ती सांगते. हीं लेणीं एका रात्रींत झालीं ही समजूतहि ठगांपुरती नाहीं. महाराष्ट्रांत ज्या गांवीं जुनें कोरीव काम आहे तेथें पांडवांनीं एका रात्रींत केल्याची गोष्ट ऐकूं येतेच. सुतारास सुतारकी दिसली म्हणून विश्वकर्मपंथानें वेरूळ खोदिलें असें आपण म्हणत नाहीं. मग ठगास ठगी दिसली एवढ्यावरून ठगपंथ राष्ट्रकूटांच्या काळीं होता असें कसें म्हणावें?

३. देवी, कसी व गूळ

पंथाचीं म्हणून जीं लक्षणें सांगतात तीं एकेक पाहूं. पहिलें, देवीची उपासना. ठग म्हणत कीं, रक्तबीजाशीं लढतांना देवीनें आपल्या घामांतून दोन पुरुष निर्मिले व रक्त न सांडतां दैत्य मारावे म्हणून त्यांस वस्त्राचा पदर दिला. सप्तशतीच्या आठव्या अध्यायांत रक्तबीजवध आहे. पण तेथें चामुंडा मुख पसरून रक्त पिऊन टाकते. घामाचे पुरुष तेथें नाहींत आणि पदरहि नाहीं. म्हणजे ही कथा पुराणांतून आलेली नसून, धंदा आधीं चालू असतां त्यास शोभा यावी म्हणून मागाहून रचलेली आहे. जातींच्या व कारागिरीच्या उत्पत्तिकथा आमच्याकडे अशाच रीतीनें झालेल्या आहेत. शिवाय ठगांत मुसलमान पुष्कळ होते. ते नमाज पढत, पिरास नवस करीत, आणि भवानीलाहि भजत. त्यांच्यांतील कांहीं तर निजामुद्दीन औलियासच आपल्यांत ओढीत. एकच पंथ व एकच दीक्षा यांच्याशीं हें जुळत नाहीं.

दुसरें, ‘कसी’ म्हणजे कुदळ हिची पूजा. ती पाण्यानें, गुळाच्या पाण्यानें, ताकानें व मद्यानें धुऊन, शेंदूर लावून, नारळ फोडून पूजीत. हें वाचून परदेशी वाचकाच्या अंगावर कांटा येतो. परंतु खंडेनवमीच्या दिवशीं आमच्या घरांतून काय होतें? शेतकरी पाभर, लोहार घण, कासार आपली ओतकामाची हत्यारें मांडून हळदकुंकू वाहतो. आम्ही पंतोजी लेखणी व पोथी पूजितों. प्रत्येकाची पूजा त्याच्या पोटाच्या साधनाची.

तिसरें, ‘तुपौनी’. खुनानंतर सव्वा रुपयाचा गूळ देवीस दाखवून वांटून खात. हा गूळ एकदां ज्यानें खाल्ला तो जन्माचा ठग झाला, असें फिरंगिया सांगतो. सव्वा रुपयाची दक्षिणा आणि गुळाचा प्रसाद हीं कोणत्या गांवीं नाहींत? चौथें, शकुन. डावीकडील शकुनास ते ‘पिल्हाऊ’ व उजवीकडील शकुनास ‘थिबाऊ’ म्हणत. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत शकुनांवर स्वतंत्र अध्याय आहेत. प्रवासास निघणारा सावकार आणि त्याच्या मागें लागलेला ठग हे दोघेहि एकाच पक्ष्याचा आवाज ऐकून पाऊल टाकीत असत.

पांचवें, गुप्त भाषा. प्रवाशास ‘बनिज’, म्हणजे माल, म्हणावयाचें. गळा आवळण्याच्या इशार्‍यास ‘झिरनी’. पण आमच्या पेठांतील व्यापार्‍यांची नंदभाषा प्रसिद्धच आहे, आणि गुरांच्या बाजारांत दलाल रुमालाखालीं बोटें धरून सौदा ठरवितात तें आपण पाहिलेलें आहे. गिर्‍हाइकासमोर बोलावें व त्यास कळूं नये, ही गरज धंद्याची आहे.

मृच्छकटिकांत शर्विलक भिंत फोडण्यापूर्वीं कार्तिकेयास वंदन करतो. पापाच्या धंद्यालाहि आराध्यदैवत असावें ही कल्पना आमच्याकडे इतकी जुनी. पण तेवढ्यावरून उज्जयिनींत कार्तिकेयाचा चोरपंथ होता असें म्हणण्यास आम्ही धजत नाहीं.

४. रस्ते व पैसा

मग हा धंदा एवढा फोफावला कशानें? याचें उत्तर देवळांत शोधण्यापेक्षां रस्त्यांवर शोधावें. इ. स. १८०३ च्या सप्टेंबरांत २३ तारखेस असई येथें लढाई झाली. तें गांव आज जालना जिल्ह्यांत आहे. त्यानंतरच्या पंधरा वर्षांत मोठमोठीं सैन्यें मोडलीं, पेंढार माजलें, आणि १८१८ त पेशवाई संपली. चाकरी सुटलेले लोक रस्त्यावर आले. दुसरीकडे त्याच रस्त्यांनीं रोकड वाहूं लागली. जालना येथें कंपनीच्या मद्रासी पलटणींची छावणी होती. उत्तरेस भोकरदनावरून अजिंठ्याचा घाट, दक्षिणेस अंबडवरून गोदावरीचा उतार, पूर्वेस देऊळगांव राजा व मेहकरावरून वर्‍हाड, अशा वाटा येथें मिळतात. रजेवर घरीं निघालेला शिपाई कमरेस पगार बांधून जात असे. म्हणूनच बंगालकडे जनरल सेंट लेजर यानें इ. स. १८१० मध्यें शिपायांस रोकड न नेतां हुंडी घेऊन जाण्याविषयीं ताकीद दिली होती. उमरावतीचा सावकार धनराज शेठ याच्या जोखमी नेणारे लोक खानदेशच्या वाटेवर मारले गेले, तेव्हां त्यानें स्वतःचीं माणसें घालून माल परत मिळविण्याचा उद्योग केला. म्हणजे ठग कोण व कोठें राहतात हें जाणणारे लोक होतेच.

ही गुप्तता किती तोकडी होती याचा आणखी एक पुरावा शिंद्यांच्या अंमलांतील सिंदौस परगण्याचा आहे. तेथें ठगांच्या घरांवर पट्टी बसविलेली होती. ज्या पंथाच्या घरांची मोजदाद होऊन सरकारांत वसूल जमा होतो, तो गुप्त कसला? गुप्त होता तो खून, खुनी नव्हे. जमीनदार व पाटील हिस्सा घेऊन आसरा देत, आणि परमुलखांतील मेलेल्या वाटसरूची दाद कोणी मागत नसे. स्ट्युअर्ट गॉर्डन (१९६९) व किम वॅग्नर (२००७) या अभ्यासकांनीं ठगीचा असाच स्थानिक राजकारण व उपजीविका यांच्या अंगानें विचार केलेला आहे. आम्हांस तो मूळ कागदांशीं अधिक जुळणारा वाटतो.

५. पंथ कसा उभा राहिला

येथें कालक्रमाकडे लक्ष द्यावें. इ. स. १८३० च्या ऑक्टोबरांत कलकत्त्याच्या एका वृत्तपत्रांत स्लीमनचें निनांवी पत्र छापून आलें. विंध्याचलची देवी ही या सर्व खुनांचें मूळ, असा त्याचा आशय. फिरंगिया हातीं लागला तो त्या वर्षाच्या अखेरीस, आणि रामसीयानांतील प्रश्नोत्तरें त्यानंतरचीं. म्हणजे सिद्धांत अगोदर झाला. प्रमुख साक्षीदार मागाहून मिळाला. विचारणारा काय ऐकूं इच्छितो हें साक्षीदारास ठाऊक होतें, त्याचा जीव त्याच्या बोलण्यावर अवलंबून होता, आणि ‘देवीनें करविलें’ म्हटल्यानें पापाचा भारहि हलका होत होता. तो खोटें बोलला असें आम्ही म्हणत नाहीं. पण अशी साक्ष एकटीच पुरेशी नसते.

इराणांतील अलमूतच्या निजारी इस्माइलींची गोष्ट येथें आठवते. हसन सब्बाहानें इ. स. १०९० मध्यें तो किल्ला घेतला. १२५६ त मोंगलांनीं तो पाडला. त्यांनीं केलेले राजकीय वध खरे. पण अंमली पदार्थ पाजून मारेकरी तयार करण्याच्या कथा शत्रूंनीं व प्रवाशांनीं पसरविलेल्या आहेत, असें फर्‍हाद दफ्तरी यांनीं १९९४ त दाखविलें. पंथ खरा असतांहि तेथें एवढी भर पडली, तर येथें काय झालें असेल याची कल्पना करावी.

ठगांच्या बाबतींत ही भर कायद्यांत उतरली. इ. स. १८३६ च्या ३० व्या कायद्यानें, अमुक मनुष्य केव्हांहि ठगांच्या टोळींत होता एवढें सिद्ध झालें कीं जन्मठेप देतां येऊं लागली. अमुक खून त्यानें केला हें दाखविण्याची गरज उरली नाहीं. १८३१ ते १८३७ पर्यंत ३,२६६ ठग पकडले. त्यांपैकीं ४१२ फांशीं गेले, ४८३ माफीचे साक्षीदार झाले, आणि बाकीचे काळ्या पाण्यावर किंवा जन्मठेपेंत गेले. १८२४ त औरंगाबादेस (आतांचें छत्रपती संभाजीनगर) निजामाच्या फौजेंत दाखल झालेल्या मेडोज टेलरनें १८३९ त अमीर अली नामक ठगाच्या तोंडून कादंबरी लिहिली, ती सर्व युरोपांत वाचली गेली. माणसाचें कृत्य न पाहतां त्याचा समूह पाहावयाचा, ही रीति पुढें १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांत आली. तो कायदा १९५२ त रद्द झाला. ठपका मात्र आजहि पुसलेला नाहीं.

६. आमची एक चूक

हें सर्व लिहिण्यास आम्ही अधिकारी आहों असें नव्हे. उलट अपराधी आहों. आम्ही शाळेंत शिकवीत असतां बेंटिंकच्या धड्याच्या वेळीं मुलांस मोठ्या ऐटीनें सांगितलें कीं, ‘फांसीगार’ व ‘फांसेपारधी’ हे दोन्ही शब्द ‘पाश’ यापासून निघाले, सबब दोघे एकाच कुळींचे. वर्गांत एक पारध्याचा मुलगा होता हें आमच्या ध्यानींमनींहि नव्हतें. दुसर्‍या दिवशीं त्यानें घोड्याच्या केसांचा एक फांसा आणून आमच्या टेबलावर ठेविला आणि म्हणाला, “गुरुजी, आमचा फांसा ह्यो. यात तित्तर घावतो, माणूस नाही.” वर्ग हंसला, आम्हीहि हंसलों. त्या आठवड्यानंतर तो मुलगा शाळेंत आला नाहीं.

व्युत्पत्ति आमची बरोबर होती. अनुमान चुकलें होतें. पारध हा शब्द ‘पापर्द्धि’ म्हणजे मृगया यापासून आला, आणि जाळ्यानें शिकार करणार्‍या वागुरिकांस अमरकोशांत त्यांचें स्वतंत्र स्थान आहे. दोन शब्दांची आई एक म्हणून दोन समाजांचें कर्म एक होत नाहीं. तें त्या मुलास कळलें होतें आणि संस्कृत शिकलेल्या आम्हांस कळलें नव्हतें.

७. संग्राहकांस विनंति

ठगांविषयींचे आजवरचे ग्रंथ मुख्यतः इंग्रजी दफ्तरांवर उभारलेले आहेत. गांवोगांवच्या मोडी रुमालांतून वाटमारीचे कागद निघतात; पाटीलकुलकर्ण्यांचे करीने, जामीनकतबे, सावकारांचीं जोखमीचीं पत्रें, गुन्हेगारी भरल्याच्या नोंदी. अशा कागदांत ठग, ठक किंवा फांसीगार असा शब्द आढळल्यास तो जसाचा तसा, मागच्यापुढच्या ओळींसह उतरून घ्यावा. तो फसवणुकीविषयीं आहे कीं खुनाविषयीं, हें मजकुरावरूनच ठरवावें. गांव, तिथि व शक नोंदवावा. जातीचें नांव मुळांत असेल तरच लिहावें. नसेल तर आपल्या पदरचें घालूं नये. आणि बस्त्यावर ‘ठगपंथाचे कागद’ अशी चिठ्ठी चिकटवूं नये. ती एकदां चिकटली म्हणजे पुढचा वाचक कागद न वाचतां चिठ्ठीच वाचतो.

जालना, अंबड, भोकरदन व परतूर या भागांतील कोणाच्या संग्रहीं असा एखादा कागद असल्यास त्याची नक्कल त्यांनीं त्रैमासिकाकडे पाठवावी. एका अस्सल जामीनकतब्यानें आमचें वरील सर्व म्हणणें खोटें ठरलें, तरी आम्ही तो आनंदानें छापण्याची शिफारस करूं.